शकुनाचे पैसे

थर्झा ऑल्डरसनने रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानेच तिला शिवी दिली होती.

"सहा हजार पौंड?" ती म्हणाली. "तीन हजार आम्ही गेल्या वर्षीच भरलेत. तीन हजारांत सगळं उरकेल म्हणाला होता तो."

"तो अंदाज होता गं," पलीकडून बेव्हर्ली म्हणाली. गारसाइड सॉलिसिटरच्या ऑफिसात ही बेव्हर्ली फोन घ्यायची. शाळेत थर्झाच्या दोन वर्षं मागे होती. "शुक्रवारपर्यंत भरायला सांगितलेत. नाही भरले तर पुढच्या महिन्यात सुनावणीला ह्यू उभा राहणार नाही. मी नुसता निरोप देतेय, माझ्यावर ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये."

"अख्ख्या ऑफिसला ऐकू येतंय, थर्झा."

थर्झाने फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल. मग ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि समोरच्या डोंगराकडे बघत तिने ह्यू गारसाइडला त्याच्या पणजोबापर्यंत सगळं काही ऐकवलं. ऐकायला फक्त मॉस हा कुत्रा होता. त्याने कान पाडले आणि तो गाडीखाली जाऊन बसला.

भांडण एका फाटकाचं होतं. ऑल्डरसनांच्या मेंढ्या डोंगरावर चढायच्या त्या शेजारच्या एमॉस पीकॉकच्या कुरणाच्या कडेने. तीन पिढ्या तशाच जात होत्या. त्याचा कागद कुणी केला नव्हता, कारण पीकॉक आणि ऑल्डरसन काय एकमेकांना परके होते? एमॉस आणि थर्झाचा थोरला भाऊ विल्फ, दोघं त्या फाटकावर कोपरं टेकून आयुष्यभर बोलत उभे राहिले. काय बोलत ते देव जाणे. मेंढ्यांचे खूर, वारा, आणि पुन्हा मेंढ्यांचे खूर. दोघांनीही लग्नं केली नाहीत, त्यामुळे घरी हाक मारायला बायकाही नव्हत्या.

मग एमॉस गेला. त्याच्या पुतण्याने घर लीड्सच्या ट्रँटर नावाच्या माणसाला विकलं आणि ट्रँटरने पहिल्याच महिन्यात फाटकाला कुलूप ठोकलं. त्याला म्हणे बागेजवळ लेंड्या नको होत्या. यॉर्कशायरच्या डोंगरात घर घ्यायचं आणि लेंड्या नकोत. तेव्हापासून ऑल्डरसनांना मेंढ्या हमरस्त्याने वळसा घालून न्याव्या लागत होत्या. पर्यटकांच्या गाड्या मागून हॉर्न वाजवत आणि कोकरं बिथरून भिंतींवर उड्या मारत. पहिल्याच वसंतात दोन कोकरं गाडीखाली गेली.

त्या फाटकाबरोबर विल्फचं तोंडही बंद झालं. आधीच तो मोजका बोलणारा. आता थर्झाने चहा हवा का विचारलं तरी नुसती मान हलायची. सत्तरी ओलांडलेला माणूस संध्याकाळी कुलूप घातलेल्या फाटकापाशी जाऊन उभा राहायचा आणि अंधार पडला की परत यायचा. थर्झाला त्याची काळजी वाटायची, आणि काळजी वाटली की ती चिडायची. तिची ती रीतच होती.

म्हणून वाटेच्या हक्काचा दावा लावायला ती त्याला घेऊन गारसाइडकडे गेली. तिथे जाण्याआधी विचार करायचा प्रश्नच नव्हता. थोरल्या गारसाइडांनी, कथबर्टनी, थर्झा आणि विल्फच्या वडिलांची सगळी कामं केली होती. आपल्या सॉलिसिटरला पैसे किती पडतील हे विचारणं म्हणजे तुमच्यावर आमचा भरवसा नाही असं तोंडावर सांगणं, असं वडील मानत. नाताळात ते कथबर्टच्या दारात कोकराची एक तंगडी ठेवून येत. वर्षाअखेर कथबर्ट एक आकडा सांगत आणि तो ऐकून वडिलांच्या कपाळाला कधी आठी पडली नाही. आता कथबर्टच्या खुर्चीत त्यांचा मुलगा ह्यू होता. थर्झाने त्याला हाफपँटमध्ये पाहिलेला.

"अंदाजे तीन हजार," ह्यू म्हणाला होता. "तुम्ही अजिबात चिंता करू नका. आणि विल्फ, तुम्हाला काही वाटलं, काही विचारावंसं वाटलं, तर कधीही फोन करा. अगदी कधीही."

मग त्याने दोघांशी हात मिळवले. मागून आठ पानांचं पत्र आलं. त्यावर दोघांनी न वाचता सह्या केल्या आणि दुसरी प्रत घड्याळामागे खोचून ठेवली. हात मिळवून झाल्यावर कागद वाचत बसणं हे त्या दरीतल्या गावांत उद्धटपणाचं लक्षण मानतात.

विल्फने पहिला फोन केला तो एका शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर. थर्झा भांडी घासत होती. घरातल्या बोळातून, फोन होता तिथून, तिला भावाचा आवाज ऐकू आला आणि तिने नळ बंद केला. विल्फ बोलत होता. सलग बोलत होता. पावसाने गवत कसं आडवं केलंय, म्हाताऱ्या एडक्याच्या दातांचं काय झालंय. मध्येच तो हसलाही. एमॉस गेल्यापासून त्या घरात कुणी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. थर्झाला मोठ्याने बोलायची सवय, पण त्या दिवशी तिने ताटली टेबलावर ठेवली ती सुद्धा आवाज न करता.

मग दर शुक्रवार तसाच होऊ लागला. विल्फ हात स्वच्छ धुवायचा, केस ओले करून चापायचा आणि बोळातल्या खुर्चीवर बसायचा. आठवडाभराचं साठवून ठेवायचा. एखादी मेंढी लंगडताना दिसली की स्वतःशी पुटपुटायचा, "हे ह्यूला सांगितलं पाहिजे." फाटकाबद्दल तो शेवटी एकदा विचारायचा, फोन ठेवता ठेवता, उगाच विसरलो असं वाटू नये म्हणून. थर्झाला वाटायचं, बरं झालं, त्याला कुणीतरी मिळालं. नाताळात विल्फ स्वतः उठून ह्यूच्या दारात तंगडी ठेवून आला होता.

आणि आता हे सहा हजार.

विल्फला तिने जेवताना सांगितलं. त्याने बटाटा चावून गिळला आणि मग म्हणाला, "गुरुवारी बाजार आहे. डोंगरावरच्या साठ माद्या काढू."

"डोंगरावरच्या? वेड लागलंय का तुला?"

"दुसरं काय आहे विकायला?"

दुसरं काही नव्हतं, हे खरंच. पण डोंगरावरच्या माद्या म्हणजे नुसत्या मेंढ्या नव्हेत. वर डोंगरावर कुंपण नसतं. आपला तुकडा कुठे संपतो हे मेंढीला तिची आई शिकवते, आणि तिच्या आईला तिच्या आईने शिकवलेलं असतं. हा कळप गेला तर पैसे टाकून दुसरा आणता येतो, पण तो तिथे टिकत नाही. तो आपला चालत सुटतो आणि तीन दऱ्या पलीकडे सापडतो. साठ माद्या विकायच्या म्हणजे डोंगर विकायचा.

"म्हणजे मेंढ्यांच्या वाटेसाठी मेंढ्या विकायच्या," थर्झा म्हणाली. "फाटक उघडेल तेव्हा त्यातून जायचं कुणी? तू आणि मी? चार पायांवर?"

"कामाचे पैसे मागितलेत त्याने."

"कसलं काम? चार पत्रं लिहिली. एकदा येऊन फाटकाचे फोटो काढले, ते पण हललेले."

"ह्यू सरळ माणूस आहे," विल्फ म्हणाला. "मागितलेत म्हणजे झाले असतील. आपल्या बाबांनी कधी विचारलं होतं का?" आणि त्याने ताटली पुढे सारली. बुधवारी सकाळी साठ माद्या घराजवळच्या भिंत घातलेल्या वाडग्यात आल्या. विल्फने त्यांच्या पाठीवर विक्रीच्या निळ्या खुणा केल्या. प्रत्येकीला खूण करताना तो तिच्या डोक्यावर हात ठेवत होता. थर्झाने खिडकीतून ते पाहिलं आणि कोट चढवला.

मुदत मागून घ्यायची एवढंच तिच्या मनात होतं. कोकरांचे पैसे येईपर्यंत थांब म्हणायचं, गोड बोलायचं. गोड बोलायचा सराव तिने गाडीत केला आणि तो तिला अजिबात जमला नाही.

ऑफिसात बेव्हर्ली एकटीच होती. थर्झाचा चेहरा बघून तिने हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"सहा हजारांत काय काय धरलंय, एवढं तरी सांग," थर्झा म्हणाली.

बेव्हर्लीने आतल्या दाराकडे बघितलं. "तुला खरंच माहीत नाही?"

"माहीत असतं तर पेट्रोल जाळून आले असते का?"

"विल्फचे शुक्रवार आहेत त्यात," बेव्हर्ली हळू आवाजात म्हणाली. "सहा मिनिटांचा एक भाग धरतात इथे. एका भागाचे चोवीस पौंड. विल्फ बोलायला लागला की चार-पाच भाग कुठेच जात नाहीत. आणि वर्षभरात एकही शुक्रवार चुकवला नाही गं त्याने. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. मला वाटलं, हौस म्हणून करतोय."

थर्झाने काउंटरची कड धरली. आधी तिला काही वाटलंच नाही. मग तिला विल्फचे ओले करून चापलेले केस आठवले. म्हातारा एडका चोवीस पौंड. गवत चोवीस पौंड. तो हसला होता, त्याचेही चोवीस पौंड. तिने बेव्हर्लीला काही न म्हणता आतलं दार ढकललं.

ह्यू गारसाइड खुर्चीतून उठला. टायवर लोकरी स्वेटर, गाल गुलाबी, आवाजात बापाचाच लोण्यासारखा मऊपणा. "थर्झा. या, या. काय हवा पडलीय आज, नाही?"

"घड्याळ लावलंस का?"

"काय?"

"हवेवर बोलायला लागलास म्हणून विचारलं. तुझ्याकडे हवा महाग पडते."

तो हसला, पण अर्धवट. "चहा सांगू?"

"कितीला?"

ह्यूने दार लावून घेतलं आणि तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"विल्फच्या फोनांचे पैसे लावलेस तू," ती म्हणाली.

"वेळेचे लावलेत. हे बघा, थर्झा, वेळ हाच माझा माल आहे. दुसरं काही नाही माझ्याकडे विकायला. तुम्ही मेंढ्या फुकट देता का लोकांना?"

"देतो. नाताळात तुझ्या दारात कोकराची तंगडी ठेवून गेला तो. तुझ्या बापाला द्यायचो तशीच. ती कुठे धरलीस हिशेबात?"

"ती भेट होती."

"आणि 'कधीही फोन करा', ते काय होतं?"

ह्यूने मेजावरची पेन्सिल सरळ केली. "ती बोलायची पद्धत असते. आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पान चार. तुम्हा दोघांच्या सह्या आहेत त्यावर."

"त्या फोनांपुढे लिहितोस काय? विषय तरी काय घालतोस?"

त्याला सांगायचं नव्हतं, पण ती हलणार नाही हे दिसत होतं. "अशिलाशी चर्चा," तो म्हणाला. "सर्वसाधारण."

"सर्वसाधारण," थर्झा म्हणाली. तो शब्द तिने थुंकल्यासारखा उच्चारला. "पहिल्या शुक्रवारी त्याने फोन केला, तेव्हा एक वाक्य बोलायचं होतंस. 'विल्फ, याचे पैसे पडतात.' बस. किती वेळ लागतो एवढं म्हणायला? त्याचे लावले असतेस तर मी मुकाट भरले असते."

"मला वाईट वाटलं त्यांचं," ह्यू म्हणाला, आणि हे तो खरंच बोलत होता, म्हणूनच ते जास्त संतापजनक होतं. "एकटा माणूस. इतक्या उत्साहाने बोलतात. मध्येच कसं तोडायचं?"

"वाईट वाटलं म्हणून तू त्याचं तासाच्या दराने ऐकलंस."

बाहेर बेव्हर्लीच्या टायपिंगचा आवाज थांबला होता.

"माझ्या बापाने तुझ्या बापावर भरवसा टाकला," थर्झा म्हणाली, "कारण तुझा बाप गिऱ्हाइकाला आधी सांगायचा. नको ते करू नकोस, पैसे वाया जातील, घरी जा, असं सांगून परत पाठवायचा तो. मी स्वतः ऐकलंय. तू सांगितलं नाहीस. तू मीटर लावून बसलास आणि तो एमॉसबद्दल बोलत राहिला. लाज वाटायला पाहिजे होती तुला. मला वाटतेय."

"मिस ऑल्डरसन," ह्यू म्हणाला. थर्झाची ती एका क्षणात मिस ऑल्डरसन झाली. "तुम्हाला हिशेब मान्य नसेल तर रीतसर तक्रार करता येते. बाहेर पत्ता मिळेल. सहा-आठ महिने लागतात."

सहा-आठ महिने. म्हणजे माद्या गेल्या, सुनावणी गेली, आणि मग कुणीतरी पत्र पाठवणार की आम्हाला खेद वाटतो. ती आता काय म्हणेल याची वाट बघत ह्यूने हात बांधले. आणि थर्झाचा राग, जो इतका वेळ नुसता भडकत होता, तो एकदम एका जागी येऊन उभा राहिला.

"उद्या गुरुवार," ती म्हणाली. "बाजार."

"मग?"

"साठ माद्या खुणा करून उभ्या आहेत वाडग्यात. उद्या त्या रिंगणात जातील आणि त्यांच्याबरोबर मी. तू कधी गेलायस का बाजारात? तुझा बाप यायचा. मालकाने स्वतः रिंगणात उभं राहायचं असतं. लिलाव पुकारणारा विचारतो, का विकताय. जनावरात खोट आहे म्हणून विकतोय का, हे सगळ्यांना कळावं म्हणून विचारतो. तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि खोटं बोललेलं चालत नाही. डोंगरावरचा कळप कुणी उगाच विकत नाही, त्यामुळे मला तर दोनदा विचारेल. मी सांगेन. जनावरात काही खोट नाही. आमचा विल्फ एकटा पडला होता, त्याने आपल्या सॉलिसिटरला शुक्रवारी फोन केले, आणि हे त्याचं बिल."

ह्यूने हात सोडले. लिलावाच्या रिंगणाभोवतीच्या पायऱ्यांवर कोण कोण बसतं हे त्याला बाजारात न जाताही ठाऊक होतं. त्यातल्या निम्म्यांची मृत्युपत्रं त्याच्या मागच्या कपाटात होती. आणि त्या निम्म्यांपैकी प्रत्येकाला त्याने कधी ना कधी म्हटलं होतं, की कधीही फोन करा.

"ही धमकी आहे," तो म्हणाला.

"मला विचारलं तर मी उत्तर देणार. खोटं सांगू म्हणतोस का?"

मग त्याने फाइल ओढली आणि शुक्रवारच्या नोंदींवर एकेक करून रेघ मारली. प्रत्येक रेघेला त्याचे गाल आणखी गुलाबी होत होते. खाली उरले ते हजाराच्या आतले. कोकरांच्या पैशांतून भागणारे.

"आता सुनावणीचं," थर्झा म्हणाली. "अंदाज नको. एकच आकडा सांग."

"बाराशे."

"लिही. त्याच्यावर एक पेनी जास्त लागणार असेल तर आधी मला सांगायचं आणि मी हो म्हणाले तरच पुढे जायचं. तेही लिही."

त्याने लिहिलं. थर्झाने या वेळी कागद वाचला. उभ्या उभ्या, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि मग परत एकदा. ह्यूची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिने ती जाताना पाहिली. तिने आणखी सावकाश वाचलं.

सही करून झाल्यावर त्याने हात पुढे केला. थर्झाने तो धरला, पण सोडला नाही.

"विकणाऱ्याने शकुनाचे पैसे द्यायचे असतात," ती म्हणाली.

एवढं ह्यूलाही माहीत होतं. बाजारात व्यवहार ठरला की विकणारा घेणाऱ्याच्या तळहातावर एखादी नोट परत दाबतो, जनावर लाभावं म्हणून. त्याने ओशाळून दुसरा हात खिशात घातला.

"पैसे नकोत. परवा विल्फचा फोन येईल. तो घ्यायचा. घड्याळ बंद ठेवून."

"एवढंच ना?" ह्यू म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "घेईन की. नक्की घेईन."

पायऱ्या उतरताना थर्झाला सगळ्यात जास्त संताप आला तो याचा. पैसे तिने भांडून मिळवले होते. पण भावाशी दोन शब्द बोलणारा माणूस मागून घ्यावा लागला, आणि तोही याच्याकडे. दुसरं कोण होतं? खरं सांगून विल्फचा शुक्रवार मोडायची तिची छाती नव्हती. गाडीच्या दाराला तिने लाथ मारली. दाराला पोचा आला.

"हिशेबात चूक होती त्याच्या," घरी आल्यावर तिने विल्फला सांगितलं. "मेंढ्या सोड."

विल्फ वाडग्याच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "बघ," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, सरळ माणूस आहे. चूक झाली तर कबूल केली. सगळे करत नाहीत."

"नाही करत," थर्झा म्हणाली. तिने दात इतके आवळले होते की तिचा जबडा दुखत होता.

गुरुवारी सकाळी, बाजाराच्या वेळेला, दोघांनी साठ माद्या हमरस्त्याने वळसा घालून परत वर नेल्या. ट्रँटरचं कुलूप अजून तिथेच होतं. फाटकापाशी येताच मेंढ्या सवयीने त्या बाजूला वळल्या आणि मॉसने त्यांना परत रस्त्यावर आणलं. डोंगराच्या पायथ्याशी सोडल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. पाठीवर निळ्या खुणा घेऊन त्या आपापल्या जागी चढून गेल्या.

शुक्रवारी जेवण झाल्यावर विल्फने हात धुतले. केस ओले करून चापले. त्याच्याकडे या वेळी सांगण्यासारखं खूप होतं. कळप विकता विकता वाचला होता, आणि शिवाय नव्या एडक्याच्या पायातून भलामोठा काटा निघाला होता. थर्झाने किटली गॅसवर ठेवली आणि ती बोळाकडे पाठ करून उभी राहिली.

"ह्यू? मी विल्फ. हो, हो, आनंदात. ऐक, त्या नव्या एडक्याचं..." मग तो मध्येच थांबून ऐकू लागला. "हो का? बरं. नाही, नाही, तसं काही नाही, उगाच आपलं. हो, कामं असणारच. फाटकाचं बघतोयस ना? बरं. बरं. ठेवतो मग."

किटलीला अजून वाफ धरायची होती.

विल्फ आत आला. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बसायचं की बाहेर जायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"आज घाईत होता ह्यू," तो म्हणाला. "कधी नसतो तसा. पण होतं एखाद्या वेळी. पुढच्या शुक्रवारी करतो."

थर्झाच्या तोंडाशी सगळं आलं. त्या माणसाचं नाव, चोवीस पौंड, सर्वसाधारण. रागाने तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. तिने गॅस बारीक केला, मग बंद केला.

"त्या एडक्याच्या पायाचं काय झालं?" तिने विचारलं.

विल्फने तिच्याकडे गोंधळून पाहिलं. "तुला माहितीये की. काटा तूच तर काढलास. मी नुसता धरून होतो."

"तरी सांग," थर्झा म्हणाली, आणि दाणकन खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.